डाळजहून एक श्रोता

मी एके काळी नंबर एकला होतो! हे वाक्य मी गेली अठ्ठावीस वर्षं लग्नांत, बारशांत, स्टाफरूममध्ये आणि एकदा दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असतानाही बोललेलो आहे.

खोटं नाही. सत्त्याण्णव साली रेडिओवर फर्माईशीचा एक कार्यक्रम लागायचा. त्यात आमच्या ‘थ्री फेज’ बँडचं ‘छकुलीची सायकल’ सलग अकरा आठवडे पहिल्या नंबरावर होतं. बारामतीत रॉक बँड! मी गायक, गिटारवर डाळजचा जोतीराम, ड्रमवर भवानीनगरचा हिंदुराव. थ्री फेज वीज आली की तालीम, गेली की भांडण.

सगळ्यात मोठं भांडण कॅसेटवरून झालं. जोतीरामनं एक गाणं केलं होतं, ‘अजून लाईट आली न्हाय’. नऊ मिनिटांचं. शब्द चार ओळींचे, बाकी नुसती गिटार. ती अशी किंचाळायची, की वाटावं उसाच्या मोळीत मांजर अडकलंय! त्याला ते ‘ए’ बाजूला पहिलं हवं होतं. मी ते ‘बी’ बाजूला शेवटी टाकलं.

“हे ऐकून माणसं पळून जातील,” मी म्हणालो.

“पळतील ना? म्हंजी ऐकून तरी पळतील!” जोतीराम म्हणाला. मग कॅसेटच्या वेष्टनावर त्याला फक्त माझा फोटो दिसला. काळ्या जाकिटातला. त्यानं गिटार खताच्या पोत्यात घातली आणि डाळजची एसटी धरली. त्यानंतर आम्ही बोललो नाही. तो मानी, आणि मी नंबर एकला.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! त्या अकरा आठवड्यांतली पोस्टकार्डं मीच लिहिलेली होती. उजव्या हातानं, डाव्या हातानं, आणि मंदाकिनीच्या हातानं. (तेव्हा ती वर्गमैत्रीण होती. पुढं बायको झाली. इतकं सुवाच्य अक्षर आपण कशावर घालवलं, हे ती अजून विचारते.) सायकल मारत मी बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या पेट्यांत ती टाकून यायचो.

पण एक कार्ड माझं नव्हतं! दर आठवड्याला निवेदिका शेवटी वाचायची, “आणि डाळजहून एक श्रोता.” नाव नाही, गाव तेवढं. डाळजला मी कधी फिरकलोच नव्हतो, तिथं जोतीराम होता ना! म्हणजे जगात एक तरी माणूस असा होता, ज्याला माझं गाणं माझ्या मदतीशिवाय आवडलं होतं. लोकांना नोकरीचा आधार असतो, शेतीचा असतो. मला त्या एका श्रोत्याचा होता.

या जानेवारीत पुण्याहून आलेल्या वैदेहीनं, म्हणजे माझ्या मुलीनं, फोनवर ‘छकुलीची सायकल’ शोधून काढलं. एकेचाळीस जणांनी पाहिलेलं.

“बाबा, यातले किती तुम्ही?”

“चाळीस,” मी म्हणालो. मला वाद घालायचा नव्हता.

“मग नंबर एकला होतात ते आता कुणाला ठाऊक आहे?”

याचं उत्तर दुसऱ्या दिवशी मी नोकरी करतो त्या कॉलेजात चालत आलं! लोणी देवकरच्या एका कंपनीत कामाला असलेला सोपान मुलीच्या दाखल्यासाठी आला होता. माझ्या टेबलाच्या काचेखाली कॅसेटचं वेष्टन पाहून तो उडालाच.

“सर, ही तर आमच्या डाळजात रोज वाजती की!”

“रोज?”

“सकाळी उजाडल्यापास्नं धापर्यंत. ज्याच्याकडं ज्वारी, त्याच्याकडं ही कॅसेट! आता मेमरी कार्डात घेतलीया समद्यांनी.”

मी पुढं काही विचारलं नाही. ज्याच्याकडं ज्वारी, म्हणजे सधन रसिक, एवढं मला कळलं. एका श्रोत्याचे आता शंभर झाले होते!

रविवारी पहाटे मी ट्रंकेतून काळं जाकीट काढलं. ते अंगात गेलं, फक्त मी ते बंद केलं नाही. सह्या केलेले साठ फोटो घेतले. गल्लीच्या ग्रुपवर ‘डाळज येथे चाहत्यांच्या भेटीस’ असं टाकलं.

“चाहत्यांना ठाऊक आहे का तुम्ही येताय?” मंदाकिनीनं विचारलं.

“अचानक जाण्यात मजा असते!”

भिगवण ओलांडलं आणि वैदेहीनं गाडीची काच खाली केली. जानेवारीची थंड हवा आत आली, आणि तिच्याबरोबर गिटार! डावीकडून, उजवीकडून, शिवारभर. सगळीकडं ‘अजून लाईट आली न्हाय’! ‘ए’ बाजूचं नव्हे, ‘बी’ बाजूचं शेवटचं. तरी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बँड आमचाच होता ना.

पहिल्याच ज्वारीच्या रानात खांबावर भोंगा होता. शेजारी राखणीचा माळा, आणि माळ्यावर हातात गोफण घेऊन ऐंशीच्या घरातली एक म्हातारी उभी.

“कोन हाय रं तितं?”

“मी गायक!” जाकीट सावरत मी म्हणालो. “या गाण्याचा!”

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “म्हंजी मधी वरडतुया त्यो?”

“गातो तो.”

“त्यो काढला आमी.”

“काढला?”

“व्हय. ही गिटार किंचाळली की राघू, चिमण्या, समदी पाखरं उठत्यात ती थेट धरणाच्या पाण्याकडं. आन् तुझं सुरू झालं की माघारी येत्यात! दोन वर्सं बघितलं, मग पोरानं तुझं तेवढं कापलं. आता तालुकाभर हीच वाजती.”

वैदेही बांधावर बसून हसत होती. मला फोटोंची पिशवी लपवायला जागा सापडेना.

“आई, एकदा माझं गाणं लावून तर बघा. नंबर एकला होतं!”

इथंच मी गप्प बसायला हवं होतं. पण ज्याचं पोरीसमोर पुरतं हसं झालंय, तो गप्प बसत नाही. मी खांबाखालच्या डब्यात माझ्या गाडीतलं कार्ड घातलं आणि ‘छकुलीची सायकल’ सुरू केलं.

पहिल्या कडव्याला दहा राघू आले. धृपदाला शंभर! दुसऱ्या कडव्याला शेजारच्या चार रानांतली पाखरं लग्नाच्या पंगतीसारखी ओळीनं बसली आणि हुरड्यातल्या कणसांवर तुटून पडली.

“बंद कर त्ये!” म्हातारीनं गोफण फिरवली. धोंडा नेमका भोंग्यावर बसला. छकुलीचा आवाज एकदम मेला, आणि परत गिटार लावायला गेलो तर तीही लागेना. भोंगा फुटला होता.

“माझ्या वर्साच्या भाकरी हैत ह्या!” म्हातारी ओरडली. “जोतीबा! आरं पळ, हितं समदं रान खाल्लं!”

जोतीबा?

ज्वारीतून एक पांढऱ्या केसांचा माणूस पत्र्याचा डबा बडवत पळत आला. मला पाहून थबकला. माझं जाकीटही पाहिलं. अठ्ठावीस वर्षांनी तो माझ्याशी पहिला शब्द बोलला.

“वरड!”

मी माळ्यावर चढलो. चारही ओळी मला पाठ होत्या, हे मलाच ठाऊक नव्हतं! जाकिटाच्या बाह्या झाडत मी गात होतो, जोतीराम डबा बडवत होता, दगडाबाई, म्हणजे त्याची आई, गोफण सोडत होती. वैदेहीही किंचाळत होती. ती गिटार होती. पूर्ण नऊ मिनिटं. ‘थ्री फेज’चा हा सगळ्यात मोठा कार्यक्रम, आणि शेवटाला एकही श्रोता जागेवर उरला नाही.

“बघितलंत आई? माझ्या आवाजानं गेली!”

“आवाजानं न्हाय रं बाबा. जाकिटाला भ्याली.”

मग बांधावर बसून आम्ही हुरडा खाल्ला. जोतीराम कणसं चोळून माझ्या ओंजळीत दाणे टाकत होता. शेवटी मी विचारलं, “जोत्या, तुमच्या गावात सत्त्याण्णव साली रेडिओला पोस्टकार्डं कोण पाठवायचं रे? माझ्या गाण्यासाठी?”

त्यानं कणीस चोळत मान खाली घातली.

“मीच की.”

“तू? तू तर रुसला होतास!”

“रुसलो तर व्हतोच. पर म्हटलं, तुझी बाजू वाजून संपली, तर कुनीतरी कॅसेट उलटी करंल.”

मी साठ फोटो गाडीच्या डिकीत ठेवून दिले. जाकीट दगडाबाईंनी मागून घेतलं. ते आता डाळजला बुजगावण्याच्या अंगात आहे, आणि त्याला ते बंदही होतं.

बारामतीला आल्यावर मी पोस्टात जाऊन कार्ड घेतलं. पत्ता जोतीरामचा घातला आणि उजव्या हातानं लिहिलं, ‘फर्माईश: अजून लाईट आली न्हाय. पूर्ण, गायकासह. बारामतीहून एक श्रोता.’

आठ दिवसांनी उत्तर आलं.

‘नवा भोंगा बसवला. तुझ्या आवाजासकट लावून बघितलं. दोन वाफ्यांची कणसं गेली. ज्वारी काढल्यावर परत लावतो. तवा ये.’

काढणी फेब्रुवारीच्या शेवटी. मी दिवस मोजतोय. पाखरंही मोजत असणार.