रिकाम्या पोटाचा नियम

आजारी माणसाला वाचवण्याचे दोनच मान्यताप्राप्त मार्ग आहेत. एक उपचार करणे आणि दुसरा खाऊ घालणे. दुसरा अधिक प्राचीन असून त्याला पदवी लागत नाही.

अण्णांच्या जठरात कर्करोगाची गाठ निघाली, तेव्हा पहिल्या मार्गाची जबाबदारी रुग्णालयाच्या किरणोपचार विभागाने घेतली. या विभागाचे कौतुक करावे तेवढे थोडे. शेजारच्या अवयवांना झळ लागू नये म्हणून यकृत, हृदय, मणका, मूत्रपिंडे अशा सगळ्यांच्या हद्दी संगणकावर आखल्या गेल्या. अण्णांचे उजवे मूत्रपिंड जन्मापासून नावापुरते होते (अशी पदे सगळीकडे असतात). सारी भिस्त डाव्यावर, आणि ते नेमके जठराला खेटून. म्हणून नकाशा रिकाम्या पोटी काढला आणि ताकीद दिली, की उपचाराआधी तीन तास काही खायचे नाही. जठर फुगले की आतले सगळे सरकते, आणि मग तो नकाशा दुसऱ्याच माणसाचा ठरतो.

नातेवाइकांनी नियम एकमुखाने मान्य केला. फक्त त्याचा अर्थ लावला. वहिनींच्या मते दूध म्हणजे खाणे नव्हे. मेहुण्यांच्या मते केळे चावावे लागत नाही, सबब तेही नव्हे. थोरल्या बहिणीच्या मते दुधात बुडवलेले बिस्कीट हे कायद्याने दूधच. अण्णा पडले भिडस्त. नाही म्हणण्यापेक्षा त्यांना गिळणे सोपे जाई, आणि गिळणे तर हल्ली मुळीच सोपे नव्हते.

विभागाच्या पाहणीनुसार उपचार रद्द होण्याच्या दर दहा प्रसंगांपैकी एक यंत्राच्या बिघाडाने आणि नऊ मायेने घडतात. (यंत्राला दुरुस्तीवाला मिळतो.)

एके दिवशी यंत्रावरच्या बाईंनी, किरण सोडण्याआधी रोज काढायचे पोटाचे चित्र पाहून कपाळाला हात लावला.

"अण्णा, काय खाल्लंत?"

"काही नाही."

"तुमचं हे 'काही नाही' चांगलंच गुटगुटीत दिसतंय."

उपचार तिसऱ्यांदा रद्द झाला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले, की असे खंड पडले तर गाठ फोफावेल, आणि भरल्या पोटी किरण सोडले तर उरलेले मूत्रपिंडही जाईल.

 बाहेर येऊन अण्णा जन्मात पहिल्यांदा ओरडले, "मला जगायचंय! उद्यापासून कोणी काही आणू नका!"

मेहुण्यांनी केळे खिशात घातले. बहिणीचे डोळे भरून आले. माणूस आजारपणात किती तुसडा होतो, यावर सर्वांचे एकमत झाले.

दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी रिकाम्या हातांनी, पडलेल्या चेहऱ्यांनी बाकावर बसली होती. यंत्र तयार होते. अण्णांचे जठर रिकामे होते. आतून हाक आली, अण्णा उठले, तेवढ्यात वहिनींनी पर्समधून छोटी डबी काढली.

"भावजी, सकाळपासून पोटात कण नाही तुमच्या. मला बघवत नाही हो. एकच घास. माझ्यासाठी."

अण्णांनी दाराकडे पाहिले. वहिनींच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिले. आणि तोंड उघडले.

तुम्हाला वहिनींचा राग आला असेल. यायलाच हवा. अर्थात तुम्ही आजाऱ्याला भेटायला जाता, ती गोष्ट वेगळी. तुमच्या हातचे त्याला कधीच बाधत नाही.