बंबकाकांचे न पाठवलेले मेल

"ह्यात काय आहे? पाच मिनिटांचं काम!" बंबकाका छातीठोकपणे म्हणाले आणि तिथेच सगळं बिघडलं.

तापायला वेळ लागत नसे म्हणून ते बंबकाका. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारींना उत्तरं द्यायची हे त्यांचं काम. लिफ्टमध्ये अडकायचं लोकांनी आणि शिव्या खायच्या काकांनी! माणूस दमणार नाही तर काय होणार? पण उद्यापासून पंधरा दिवस रजा होती. मुलीला बाळ झालं होतं, आणि नातवाला काकांनी अजून फोनवरच पाहिलं होतं. नेमकी आजच मेलची फाइल करप्ट झाली! होणारच होती म्हणा. काका रोज संध्याकाळी पंखा बंद करावा तसा कॉम्प्युटर थेट भिंतीवरच्या बटणाने बंद करत.

"सगळ्या तक्रारी परत आल्या तर रजा. नाहीतर विसरा," साहेबांनी बजावलं.

काकांनी दुरुस्तीचा प्रोग्रॅम लावला. हिरवी पट्टी गोगलगाईच्या चालीने सरकू लागली. जेवण झालं, चहा झाला, पट्टी आपली ठाण मांडून!

"काका, एक डुलकी काढा. मी बघते," शेजारची टायपिस्टबाई म्हणाली.

"नको गं बाई. माझा डोळा लागला की ती मुद्दाम बंद पडेल. ओळखतो मी तिला!"

शेवटी एकदाचं 'टिंग' झालं. तक्रारी एकूण एक परत! काकांच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात खाली अक्षरं उमटली, 'आउटबॉक्समधले मेल जात आहेत.'

"अहो, पण मी काही पाठवलंच नाही!" म्हणता म्हणता काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

काकांची एक सवय होती. साहेबांनी रजा नाकारली की ते नेटची वायर उपसून काढत, साहेबांनाच जळजळीत मेल लिहीत आणि दणक्यात 'सेंड' दाबत. डोकं थंड झालं की मेल पुसायचा, वायर परत लावायची. ते पुसलेलं सगळं प्रोग्रॅमने इमानेइतबारे शोधून आउटबॉक्सात ठेवलं होतं. आणि आज वायर जागेवर होती!

"वायर काढा, वायर!" बाई किंचाळली. काकांनी घाईघाईत हिसडा मारून काढली ती टेबलावरच्या फोनची!

"काका, आत या," साहेबांचा आवाज आला. गेली रजा! बहुतेक नोकरीही.

"'खुर्चीला मोड फुटलेला बटाटा' म्हणजे मीच ना?" साहेबांनी स्क्रीनवरून वाचलं.

"फार जुनी गोष्ट आहे, साहेब."

"मागच्याच आठवड्यातली आहे."

काकांनी मान खाली घातली.

"पहिला मेल वाचून डोकंच फिरलं," साहेब म्हणाले. "पण पुढचे वाचत गेलो आणि... काय हात आहे हो तुमचा! मुख्य ऑफिसवाले मला माणसं देत नाहीत. त्यांना असंच झणझणीत लिहायचंय, पण मला शब्दच सुचत नाहीत. माझ्या नावाने तुम्ही लिहा. रजेचं नंतर बघू. बसा, बसा!"

इतक्या वर्षांत साहेबांनी पहिल्यांदाच बसा म्हटलं होतं. रडावं की फुगावं, काकांना कळेना. ते बसले. एवढ्यात खिशातला मोबाइल वाजला.

"बाबा, बॅग भरलीत का?" मुलीने विचारलं. मागे बाळ रडत होतं.

"नाही गं," काका दमलेल्या आवाजात म्हणाले. "बाळाला सांग, आजोबा लिहितात फार छान."