चार बोटांची रेघ

तीस वर्षं दारापुढे रांगोळी काढणाऱ्या बाईला एक गाडी सरळ लावता येऊ नये म्हणजे काय! गिरिजाबाईंनी शनिवारी सकाळी पदर खोचला आणि स्वतःलाच बजावलं, "आज चाकाला दगड शिवणार नाही. म्हणजे नाही!"

गेल्या रविवारी शिवला होता. त्यांच्या पूनम सागर सोसायटीपुढच्या फूटपाथचा तो पिवळा-काळा दगड नव्या गाडीच्या चाकावरून असा काही कर्र्र करत गेला, की वर तिसऱ्या मजल्यावर नवऱ्याच्या, सुभाषरावांच्या, हातातला चहा हिंदकळला. धावत खाली येऊन त्यांनी तो ओरखडा आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवावा तशा हाताने चाचपला. दोन दिवसांत चाक दुरुस्त करून आणलं आणि जेवताना जाहीर केलं, "यापुढे ज्याच्या हातून ओरखडा उठेल, त्याने किल्लीला हात लावायचा नाही. तू असो की मी!"

'की मी' हे त्यांनी नुसतं शोभेला घातलं होतं.

पण गिरिजाबाईंना किल्ली हवीच होती. उद्याच्या रविवारी त्या समुद्रकाठच्या चौक गावी माहेरी जाणार होत्या. आईचे, जाईबाईचे, गुडघे रिक्षातल्या हादऱ्यांनी धरतात. तिला मागच्या सीटवर राणीसारखी बसवून दर्याकाठच्या रस्त्याने एक फेरी मारायची, आणि गाडी आपण चालवायची! एवढीच हौस, पण समुद्राएवढी.

मग त्यांना युक्ती सुचली. रांगोळीचा डबा घेऊन त्या खाली उतरल्या आणि फूटपाथच्या दगडापासून चार बोटं सोडून एक लांबच लांब रेघ ओढली. चिमटीतून पीठ असं सुटलं, जशी शेवंतीच्या पाकळीची कड. चाक या रेघेवर आणायचं, की दगड आपोआप दूर! हात झटकून त्या मागच्या गल्लीतली गाडी आणायला गेल्या. वाटेत रस्ता खणलेला, म्हणून मोठा वळसा पडला. पंधरा मिनिटं गेली.

परतल्या तर रेघेला बाळसं आलेलं!

रेघेच्या दोन्ही टोकांना कमळं उमलली होती. मध्ये हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. दोन आजीबाई प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून, हात जोडून बसल्या होत्या. आणि वॉचमन चंदन दोन्ही हात पसरून गाडीपुढे आडवा!

"मॅडम, इधर नहीं! पूजा है।"

"कसली पूजा?"

"मालूम नहीं। लेकिन बड़ी है।"

"अरे, वो लाइन मैंने काढा है!"

"तो फिर आप ही बिगाड़ेंगी क्या?"

तेवढ्यात बी विंगची क्षितिजा रंगाने माखलेले हात घेऊन आली. "काकू, रांगोळीवर चाक घालता? मी रेघ बघितली, म्हटलं मिरवणूक येतेय आणि आपल्याला कुणी कळवलंच नाही! म्हणून कमळं भरली."

"अगं बाई, मिरवणूक नाही! गाडीसाठी काढलीय मी ती!"

क्षितिजाचा चेहरा उजळला. "म्हणजे गाडीची पूजा! आधी सांगायचं ना!" आणि ती ओरडली, "गाडीची पूजा आहे हो!"

झालं! भाजीवाला, दूधवाला, आजीबाई, सगळे एका दमात वाहतूक पोलीस झाले. मागून "आने दो, आने दो!", पुढून "बस, बस!", डावीकडून "काट, काट!", आणि दुरून कुणीतरी नुसतंच "अहो!" रेघ होती चाकाला वाट दाखवायला. आता मात्र तिचा कणही मोडला असता, तर अख्ख्या बी विंगने बोलणं टाकलं असतं!

गिरिजाबाईंनी चारी काचा वर केल्या. आवाज मिटले. आई जात्यावर बसल्यासारखी ओवी गुणगुणायची, तशी त्यांच्या ओठी आपसूक आली:

"सावळी माझी गाडी, आली कडेला कडेला,
चार बोटं राहू दे गं, नको लागू दगडाला."

एका चरणाला चाक वळवलं, दुसऱ्याला सरळ केलं. गाडी कुशीवर वळणाऱ्या लेकरासारखी हळूच आत सरकली आणि थांबली. रेघेला खेटून, पण झेंडूची एक पाकळीसुद्धा न हलवता! टाळ्यांचा कडकडाट!

टाळ्या ऐकून सुभाषराव धापा टाकत आले. "कुणाला उडवलंस?"

"कुणाला नाही. चाक बघा."

ते उकिडवे बसले. चारही चाकांवरून बोट फिरवलं. काही नाही! त्यांची छाती फुगली. "मीच शिकवलंय तिला," त्यांनी आजीबाईंना सांगितलं.

"मग काका, नारळ तुम्हीच फोडा!" क्षितिजाने नारळ पुढे केला.

फोडायला जवळचा दगड कोणता? तोच, पिवळा-काळा! चाक आणि दगड यांच्यामधल्या फटीपाशी सुभाषराव बसले. पहिला घाव नेमस्त, नारळ ढिम्म. मग बघ्यांकडे एकदा पाहून त्यांनी सगळं बळ एकवटून दुसरा घातला. ओला नारळ निसटला, हात तसाच पुढे गेला आणि मनगटातल्या स्टीलच्या घड्याळाने चाकावर...

कर्र्र!

चंदनने नारळ उचलून हलवून बघितला. "फूटा नहीं, साब।"

सुभाषरावांनी सवयीने किल्लीसाठी हात पुढे केला. गिरिजाबाईंनी चाकावरच्या नव्या ओरखड्याकडे बोट दाखवलं आणि किल्ली पदराला बांधली. हात हळूच खिशात गेला.

रविवारी चौकला गाडी पोचली. गिरिजाबाई चालवत होत्या. शेजारी सुभाषराव, मांडीवर हुकुमावरून रांगोळीचा डबा. घरापाशी गिरिजाबाईंनी काच खाली केली. "आये, गाडी कडेला लावायचीय. फूटपाथ कुठं?"

जाईबाई सुकत टाकलेले बोंबील सोडून बघतच राहिली. "फूटपाथ? हितं कसला गो फूटपाथ! वाळू हाय नुसती. लाव कुठंबी!"

सकाळपासून पहिल्यांदाच सुभाषराव हसले. डबा गदागदा हलेपर्यंत हसले.

"हसू नका. उतरा आणि डबा द्या इकडे," गिरिजाबाई म्हणाल्या. "फूटपाथ नसेल तर नसेल. मी रेघ काढणार!"