पाचवा हिस्सा आत

मलप्पा मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की यजमानाच्या तोंडाकडे न बघता आधी बाकाच्या पोटाखाली बघत. धोतराचा सोगा सावरून चक्क उकिडवे बसत, मान वाकडी करून फळीला किती बाक आलाय ते पाहत, आणि मग उठून "बरं हाय का समदं?" म्हणत. हे विचारणं आपल्याला होतं की बाकाला, ते शेवटपर्यंत कळत नसे. मी या खोडीला पुष्कळ हसलो आहे. त्यांच्या बायकोची पाठ या भानगडीत सापडेपर्यंत हसलो.

मिस्त्री सोलापुरातल्या एका गिरणीत तीस वर्षं सुतारकाम करून घरी बसले होते. बोली मराठी, पण रागावले की कानडी. गिरणीच्या वखारीत लांब सागवानी फळ्या रचताना त्यांना एक गोष्ट उमगली होती. फळीच्या अगदी टोकांना टेकू दिले की मध्ये झोळ येतो, आणि तेच टेकू थोडे आत घेतले की फळी सरळ राहते. का राहते? "भाईर आल्याली टोकं खाली वडत्यात, मंग मदलं वर उचलतंय की!" किती आत घ्यायचे, तेही त्यांनी करून करून पक्कं केलं होतं. दोन्ही बाजूंनी पाचवा हिस्सा आत. एवढ्या एका शोधावर त्यांनी जगाकडे बघायचं ठरवून टाकलं होतं.

आमच्या घरी आले त्याच दिवशी माझं पुस्तकांचं फडताळ त्यांच्या नजरेत भरलं. "मास्तर, येवढं शिकल्यालं माणूस तुमी, आन टेकू कडंला?" मी नको नको म्हणेपर्यंत पुस्तकं जमिनीवर आली होती. टेकू आत गेले, फळी ताठ झाली, हे कबूल केलंच पाहिजे. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र त्यानंतर मिस्त्री दिसले की पोळपाट लपवायला सुरुवात केली.

माझ्या भिडेनं त्यांनी आमच्या शाळेचा लांब बाकही दुरुस्त करून दिला. पाय पाचवा हिस्सा आत. महिनाभर कुणाची तक्रार नव्हती. मग शाळा तपासायला डेप्युटीसाहेब आले. देह भारदस्त. ते एकटेच बाकाच्या अगदी टोकाशी विराजमान झाले आणि दुसरं टोक, त्यावरच्या पाण्याच्या तांब्यासकट, हेडमास्तरांच्या हनुवटीपर्यंत वर आलं. साहेब जमिनीवर, तांब्या साहेबांवर. माझी काय अवस्था झाली असेल, कल्पना करा! संध्याकाळी मी तणतणत मिस्त्रींकडे गेलो, तर हे शांतपणे म्हणाले, "बाक चुकला न्हाय मास्तर, सायेब चुकले. वझं समद्या बाकावर सारकं पायजे. येकट्यानं कडंला बसावंच कशाला?"

त्याच पावसाळ्यात त्यांच्या बायको, गंगव्वा, आडावर पाय घसरून पडल्या. पाठीचा कणा दुखावला. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने सरळ फळीवर उताणं निजायचं, पाठ तसूभरही वाकता कामा नये. वाकली तर पुन्हा चालण्याची आशा सोडा. मिस्त्रींनी सुंभाची बाज त्याच दिवशी अंगणात फेकली, सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर सागवानी फळी टाकली आणि घोडे अर्थातच पाचवा हिस्सा आत घेतले. गंगव्वा निजल्या. मिस्त्रींनी फळीच्या बुडाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून पाहिला, तर मध्ये झोळ होताच!

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री माझ्या दारात उभे. डोळे तांबारलेले. "मास्तर, जरा निजायला चला. घरातलीचं वजन तुमच्यायेवढंच भरंल."

त्यांच्या अंगणात तशाच दुसऱ्या फळीवर मी उताणा पडलो. मिस्त्री खाली शिरून दोरा ताणत, घोडा सरकवत, पुन्हा ताणत. मला हलायची, बोलायची बंदी. डोळे मिटून पडलो होतो. रस्त्यानं जाणारा एक गृहस्थ थबकला, त्यानं फेटा काढला, हात जोडले आणि हळूच विचारलं, "कवा गेले?" मी "अजून नाही" म्हणालो, तसा तो फेटा न घालताच पळाला.

दुपारपर्यंत मिस्त्रींना उलगडा झाला. पुस्तकांचं वजन फळीभर सारखं पसरतं, माणसाचं सगळं कंबरेशी जमतं. घोडे अजून आत घ्यायला हवे होते. "पुस्तक येगळं आन माणूस येगळं," ते पडेल आवाजात म्हणाले. तीस वर्षांचा नियम मोडताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पण मोडला त्यांनी. घरात जाऊन गंगव्वांचे घोडे आत घेतले.

तरी झोळाची तक्रार काही जाईना. रोज संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की गंगव्वा म्हणत, "अजून वाईच दबतंय मदी." मग मिस्त्री दोरा घेऊन फळीखाली बसत, घोड्याला हात घालत, आणि काम चालू असताना दोघांचं कानडीत बोलणं चाले. तास तास चाले. मला त्यातलं निम्मं कळत नसे, पण गंगव्वांचं हसू कळे. मला मात्र धसका बसला होता. झोळ असाच राहिला तर या बाई उठणार कशा?

एकदा मिस्त्री पाणी आणायला गेले असताना मी गंगव्वांना तसं बोलून दाखवलं. त्यांनी दाराकडे नजर टाकली. "फळी कवाच सरळ झाली की मास्तर. पयल्याच आटवड्यात. तीस वर्सं ह्येनी भोंग्याला जायाचे, भोंग्याला यायाचे, भाकरी खाऊन निजायाचे. आता दबतंय म्हटलं की जवळ बसत्यात. सरळ झाली म्हटलं तर जातील कुणाच्या तरी बाकाखाली. त्येंला सांगू नका, तुमाला आण हाय."

मी आण पाळली. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पाठ तपासली आणि उठायला परवानगी दिली. त्या दिवशी गंगव्वा भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत चालत आल्या. मिस्त्री बाहेर पायरीवर बसून तोंड दुसरीकडे करून डोळे पुसत होते. अशा वेळी माझ्या पोटात काही राहत नाही. शेजारी बसून मी हळूच सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय की," मिस्त्री म्हणाले. "दोरा दिसत हुता न्हवं मला!"

"मग रोज घोडे कशाला सरकवत होता?"

त्यांनी आत उंबऱ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"सरकवत कुटं हुतो, मास्तर? सरळ झाल्याली फळी कोण हलवतंय? नुसता हात लावून बसत हुतो."