हा नमुना पुढील वर्षी बंद होईल

जव्हारच्या सुदर्शन मास्तरांनी २००३ साली संगणकाचा एक प्रोग्राम लिहून जगाला मोफत अर्पण केला, आणि जगाच्या वतीने मोखाड्यातल्या एका कचेरीने तो स्वीकारला. उन्हाळ्यात कुठल्या पाड्याला किती पाणी टँकरने धाडायचं, याचं मागणीपत्रक तो छापून देई. प्रोग्राम मुक्त होता. म्हणजे कुणीही तो वापरावा, उघडून पाहावा, त्यात सुधारणा करावी आणि मास्तरांना कळवावं. गणित शिकवून उरलेल्या वेळात मास्तर या कळवण्याची वाट पाहत. कचेरीतल्या उज्ज्वलाताई या त्यांच्या एकमेव वापरकर्त्या. मास्तर मनातल्या मनात त्यांचा उल्लेख 'वापरकर्ता समुदाय' असा करीत.

प्रोग्राममध्ये पाणी हंड्यांत मोजलं जाई, कारण पहिली माहिती मास्तरांनी सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावर फागी नावाच्या बाईला विचारून घेतली होती, आणि फागीचा हिशेब हंड्यांचा. पुढे मास्तरांना हंड्यांची लाज वाटू लागली. सारं जग लिटरांत मोजतं आणि आपण हंड्यांत, हे चारचौघांत बरं दिसेना. त्यांनी लिटरांचा नवा नमुना केला आणि हंड्यांचा जुना बंद करायचं ठरवलं.

पण एकदम बंद केला तर समुदायाचे हाल होणार. म्हणून त्यांनी इंटरनेटवरच्या एका जाणत्याला सल्ला विचारला. त्याचं लांबलचक पत्र आलं. सायबर कॅफेतली वीज जायच्या आत मास्तरांनी त्यातलं निम्मं वाचलं: आधी सूचना द्या, मुदत द्या, मग बंद करा. एवढ्यात काम भागलं. हंड्यांच्या नमुन्याखाली सूचना झळकली:

"हा नमुना जुना झाला असून पुढील वर्षी बंद होईल. नवा नमुना वापरावा. ही सूचना वाचणाऱ्याने सुदर्शन मास्तर, एसटी डेपोसमोर, जव्हार या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकावे. चहा आमच्याकडून."

चहाची ओळ मास्तरांची स्वतःची. समुदाय जागा आहे की झोपलाय, हे कळायला नको?

वर्ष गेलं. पोस्टकार्ड आलं नाही. मास्तरांनी उदार मनाने आणखी एक वर्ष मुदत वाढवली. तेही गेलं. अखेर २००६ च्या एप्रिलात त्यांनी मन घट्ट करून हंडे काढून टाकले, नवा प्रोग्राम कचेरीत बसवला आणि घरी येऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

मे महिन्यात फागी करवंदांची पाटी घेऊन जव्हारच्या बाजाराला आली, ती थेट मास्तरांच्या दारात उभी राहिली.

"गुरजी, आमचे पाड्यावं टँकर नाय आला. बारा दिस झालं. हिरीत उतरून वाटीनं पानी भरतोव."

मिळेल त्या जीपने मास्तरांनी मोखाडा गाठला.

"मागणीपत्रक परत आलं, सर," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "साहेब म्हणाले, खाली सूचना नाही. बिनसूचनेचा कागद खरा कशावरून?"

"अहो, ती सूचना पडद्यापुरती होती! कागदावर कुठून आली?"

"पहिल्या दिवसापासून छापून येतेय. साहेब तिच्याखालीच सही करतात."

"पण नमुना बंद होणार असं लिहिलं होतं ना तिच्यात?"

"दोन वर्षं लिहिलेलं होतं, सर. आमच्याकडे दोन वर्षं टिकलेलं कायम धरतात."

मग ताईंनी अभिमानाने खण उघडला. वीज नसली की मागणीपत्रकं हाताने लिहावी लागत. त्यांच्यासाठी समुदायाने सूचनेचा रबरी शिक्का करून घेतला होता. चहासकट. "तुम्हीच म्हणाला होतात, सुधारणा करा म्हणून." तीन वर्षं वाट पाहिलेली पहिली सुधारणा मास्तरांच्या तळहातावर होती.

"मग हाच मारा की नव्या कागदावर!"

"हा हंड्यांच्या कागदाचा. लिटरच्या कागदावर मारला, तर उद्या चौकशी माझी."

मास्तरांनी तिथेच बसून हंडे परत आणले. सूचनाही आणली. अर्ध्या तासात सही झाली.

तिसऱ्या दिवशी टँकर पाड्यावर चढला तेव्हा मास्तर ड्रायव्हरशेजारी बसून गेले होते. आपल्या लिटरांच्या हौसेपायी बायामाणसं पंधरा दिवस विहिरीच्या तळाशी उतरली, याची त्यांना खरोखर लाज वाटत होती. फागीने हंडा डोक्यावर चढवला आणि म्हणाली, "गुरजी, कागुद तुमी नवा करा का जुना. आमचा हंडा तोच हाय."

जव्हारला परतल्यावर मास्तरांनी त्या जाणत्याचं पत्र काढलं आणि उरलेलं निम्मं वाचलं. 'सूचना छापील कागदावर येऊ देऊ नका. आणि बंद करण्याआधी वापरणाऱ्याला एकदा समक्ष जाऊन विचारा.' शेवटी एक बारीक ओळ होती: 'इथवर वाचलं असेल तर मला कळवा.'

मास्तरांनी दोन वर्षं उशिरा कळवलं. उत्तर आलं, की कळवणारे तुम्ही पहिलेच.

त्यामुळे मास्तरांना धीर आला आहे. हंडे चालू आहेत, सूचना चालू आहे, साहेब तिच्याखाली सही करताहेत. चहाचं आधणही तयार आहे. सूचना तुम्हीही वाचलीत, खाली पत्ताही होता. पोस्टकार्ड कधी टाकताय?