फोन पेटीत, हात हातमोज्यांत

चार वाजायला पाच मिनिटं असताना घुम्याच्या फोनवर बायकोचा निरोप आला, आणि फोन नेमका पेटीच्या आत होता.

पेटी म्हणजे प्रयोगशाळेतली ती जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची, पलंगाएवढी पेटी. आत प्राणवायूचा कणही नाही. समोरच्या बाजूला खांद्यापर्यंत येणारे दोन रबरी हातमोजे बसवलेले. बाहेर उभं राहून त्यांत हात घालायचे आणि आतलं काम करायचं. घुम्याचे जिवाणू या पेटीत राहत. हवा असली की ते तुमच्याआमच्यासारखा श्वास घेतात. हवा गेली की मात्र रडत बसत नाहीत. त्यांच्या अंगातलं एक प्रथिन प्राणवायू संपल्याचं ओळखतं आणि शंभरएक जनुकांची बटणं फिरवतं. ही बंद, ती चालू, चला, आता निराळ्या रीतीनं जगायचं! घुम्यानं त्यातल्या एका बटणाला रंग जोडून दिला होता. बटण चालू झालं की बशीतल्या जेलीवर जिवाणूंचे ठिपके लाल होत. बशी बाहेर काढली की हवा लागून बटण उलटं फिरे, म्हणून फोटो आतच काढावे लागत. त्यासाठी फोन सकाळपासून आत उभा करून ठेवला होता. बायकोचा फोन सहाला येतो, तोवर काढू बाहेर, असा त्याचा हिशेब.

निरोप असा होता: ‘आज चारलाच करते. पाचच्या आत साहेबांना कळवायचंय, अजून एक वर्ष राहू का ते. तू सांग.’

बायको दूरच्या डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत दुर्बिणीची यंत्रं सांभाळायची. दोन वर्षं झाली. तिथे हवा इतकी विरळ, की पहिले पंधरा दिवस जिना चढताना तिला धाप लागे. मग शरीरानं जमवून घेतलं. तिथे खालून फोनही लागत नसे आणि निरोपही पोचत नसे, तिनंच फोन करायचा. घुम्याला मात्र खाली, भरपूर हवेत राहून काही जमलं नव्हतं. तो अजून सकाळी दोन कप चहा टाकायचा आणि दुसरा कप गार झाला की ओतून द्यायचा. पलंगाच्या तिच्या बाजूला तो चुकूनही लोळत नसे. तिची आठवण आली नाही असा एक दिवस गेला नव्हता. पण हे त्यानं तिला सांगितलं असेल तर शपथ! जाताना तिनं विचारलं होतं, “जाऊ ना?” हा म्हणाला, “तुझी इच्छा.” वर्षभरानं तिनं विचारलं, “अजून राहू?” पुन्हा तेच. आपण केवढं मोठं मन दाखवतोय असं त्याला वाटत होतं. प्रयोगशाळेत त्याला घुम्या म्हणत ते उगाच नाही.

पण या खेपेला त्यानं ठरवलं होतं. आठवडाभर आरशापुढे तालीम झाली होती. वाक्य दोनच शब्दांचं होतं: ‘परत ये.’

“मावशी! देवडी उघडा, माझा फोन आत राहिलाय!”

मावशी तिथे बशा धुवायच्या आणि पेटीची देखभाल करायच्या. पेटीत प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचेही जिवाणू होते, आणि त्यांना हवा मुळीच सोसत नसे. पेटीत वस्तू आत-बाहेर करायला बाजूला दोन दारांचा एक कप्पा होता, त्याला त्या देवडी म्हणत.

“आत्ता कशी उघडू?” मावशी म्हणाल्या. “मॅडमच्या कोऱ्या बशा आत्ताच ठेवल्या देवडीत. तिच्यात बाहेरची हवा शिरलीय, ती तीनदा उपसून काढल्याशिवाय आतलं दार हलायचं नाही. वीस मिनिटं धरा.”

“वीस? अहो, पाच मिनिटांत फोन येईल!”

“मग ते लाल बटण दाबा, दार लगेच उघडेल. फक्त आत हवा घुसेल आणि मॅडमचे दोन महिन्यांचे जिवाणू मरतील. त्यानंतर तुमचं काय होईल ते मी सांगत नाही.”

घुम्यानं हातमोज्यांत हात खुपसले आणि आतला फोन उचलला. तेवढ्यात तो वाजलाच. पडद्यावर बायकोचा हसरा फोटो. घुम्यानं रबरी बोटानं हिरवं बटण दाबलं. काही नाही. चोळलं, टोचलं, आपटलं. फोन ढिम्म. रबराचं बोट पडद्याला बोट वाटेना. बायको हसत राहिली आणि रिंग थांबली.

“ती पुन्हा करेल हो,” मावशी म्हणाल्या. “ओलं काहीतरी लावा. माझ्या फोनवर पाण्याचा थेंब पडला तरी तो आपोआप कुणालातरी लागतो. परवा व्याह्यांना लागला.”

आत पाणी कुठलं? पण जेली होती. पाणी आणि मीठ घालून घट्ट केलेली, घुम्याच्याच बशांतली. त्यानं समोर बघितलं. सहा आठवड्यांच्या खटपटीनंतर एका बशीतले ठिपके आज पहिल्यांदा नीट लाल झाले होते, आणि सुरीजवळ नेमकी तीच बशी होती. फोन पुन्हा वाजला. घुम्यानं मागचापुढचा विचार न करता त्या बशीतून पेढ्याएवढा तुकडा कापला आणि पडद्यावर टेकवला.

फोननं मानलं! पण तुकडा घसरला तो पडद्यावरच्या लाल बटणावर.

“कापला तुम्ही,” मावशी म्हणाल्या.

“मी नाही, जेलीनं!”

“बायकोला हेच सांगणार का?”

तिनं आता केला नाही तर? एक वर्ष. तीनशे पासष्ट कप चहा ओतून द्यायचा. घुम्याला खरंच रडू यायला लागलं. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा त्यानं श्वास रोखून तुकडा हिरव्यावर ठेवला, मग स्पीकरवर. लागला!

“कापतोस काय रे फोन?” आतून बायकोचा बारीक आवाज आला.

घुम्यानं फोन प्लॅस्टिकला चिकटवला, बाहेरून तोंड लावलं आणि सगळा जीव गोळा करून ओरडला, “परत ये!”

“काय? नीट ऐकू येत नाहीये.”

“परत ये!”

खोलीचं दार उघडलं. मॅडम तीन पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवत आत आल्या. “आणि हे आमचे सगळ्यांत शांत संशोधक,” त्या म्हणत होत्या.

“अगं, परत ये! करमत नाही मला! दोन वर्षं झाली, मला अजिबात करमत नाही!” घुम्या पेटीला मिठी मारून किंचाळत होता.

पाहुणे पेटीकडे बघू लागले. आत कोण आहे ते त्यांना कळेना.

“जिवाणूंना बोलावताय का?” मॅडमनी खालच्या आवाजात विचारलं.

“बायकोला,” मावशींनी सांगितलं. “जरा थांबा, महत्त्वाचं चाललंय.”

“आवाज तुटतोय,” पेटीतून आलं. “शेवटचं काय म्हणालास?”

घुम्यानं डोळे मिटले. लाज, नोकरी, पाहुणे, सगळं गेलं उडत. “तुझ्याशिवाय जगायला मला जमत नाही! परत ये!”

पेटीतून नाक ओढल्याचा आवाज आला.

“कळवते साहेबांना. महिनाअखेरीस उतरते मी.”

“म्हणजे ऐकू आलं?”

“पहिल्याच वेळी आलं होतं.”

“मग मला एवढं ओरडायला का लावलंस? इथे माणसं आहेत!”

“दोन वर्षं कान लावून बसले होते रे. एकदा ऐकून भागतं का?” ती थांबली. “अजून एकदा म्हण ना.”

मावशींनी पुढे होऊन आपल्या बाहीनं त्याचे डोळे पुसले, कारण त्याचे दोन्ही हात आत फोन धरून होते. मॅडम भिंतीवरचा तक्ता वाचू लागल्या. पाहुणेही तोच तक्ता वाचू लागले.

घुम्यानं प्लॅस्टिकला गाल टेकवला आणि या वेळी न ओरडता, अगदी हळू म्हणाला, “परत ये.”

तेही तिला ऐकू गेलं.