पेडणेकर सरांचं मागचं दार

"पंधरा दिवसांत पाच लाख! एक रुपया जरी कमी पडला ना, तर या धम्मपाल सोनकांबळेचा स्टाफरूममधला चहा कायमचा बंद करा!"

गणिताच्या विभागप्रमुखांनी असं म्हणून टेबलावर हात आपटला, आणि तो चहा लगेचच बंद झाला. म्हणजे कप आडवा झाला आणि सगळा चहा रसायनशास्त्राच्या अनिरुद्ध खानोलकरांनी तपासलेल्या पेपरांवर पसरला.

"आधी फडकं आणा, मग पाच लाख आणा," खानोलकर म्हणाले.

घाटकोपरच्या या कॉलेजात चौतीस वर्षं गणित शिकवलेले जयवंत पेडणेकर सर जाऊन आता वर्ष होत आलं होतं. सर गेले त्या दिवशी धम्मपालनं सुलक्षणाकाकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, हात हातात घेऊन शब्द दिला होता, "काकू, पहिल्या स्मृतिदिनाला सरांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झालेली असेल. माझ्यावर सोडा." काकूंनी सोडलं. धम्मपालनंही अकरा महिने सोडूनच दिलं होतं! आता स्मृतिदिनाला उरले होते पंधरा दिवस, आणि खात्यात होते त्यानं स्वतः भरलेले पंचवीस हजार.

शब्द मोडला असता तर धम्मपालला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. कारण त्याचं असं एक गुपित होतं, जे बायकोलाही ठाऊक नव्हतं. आज विद्यार्थ्यांना 'गणितात नापास होणं हा आळस आहे' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या या माणसाला दुसऱ्या वर्षाला गणितातच केटी लागली होती! विषय राहिला, वर्ग पुढे सरकला आणि मान खाली गेली. कॉलेज सोडून मामाच्या टेम्पोवर जायचं त्यानं ठरवलं होतं. तेव्हा पेडणेकर सरांनी त्याला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "रविवारी सकाळी सात वाजता मुलुंडला घरी ये. कुणाला बोलू नकोस."

तो सहा महिने गेला. सर शिकवायचे आणि काकू पोहे द्यायच्या. साडेआठला दारावरची बेल वाजली की काकू त्याला म्हणायच्या, "पाहुणे आले रे, तू मागून जा." मग बशी हातात घेऊन स्वयंपाकघरातून मागच्या गॅलरीत, तिथून गोल लोखंडी जिन्यानं खाली, आणि बशी खालच्या कट्ट्यावर. फी नाही, उपकाराची भाषा नाही. तो पास झाला, पुढे एमएस्सी झाला, आणि सरांच्याच खुर्चीत बसला. सरांनी आपल्या एकट्यासाठी एवढं केलं, या विचारानं आजही तो त्या खुर्चीला नमस्कार करूनच बसायचा. पण नमस्कार केला म्हणून कुणी केटी जाहीर करत नाही.

तर आता पैसे. विभागातल्या ऋतिका मॅडमनी ऑनलाइन फॉर्म करायचं कबूल केलं.

"सर, शिष्यवृत्तीचे नियम काय टाकू?"

"मागच्या वर्षीच्या त्या दुसऱ्या शिष्यवृत्तीचे आहेत ना, तेच उतरव. वेळ नाहीये!"

ऋतिकानं उतरवले. अट क्रमांक एक: उमेदवाराला कोणत्याही विषयात केटी लागलेली नसावी! धम्मपालनं फॉर्म वाचलासुद्धा नाही. त्याचं सगळं लक्ष देणगीदारांच्या पितळी पाटीवर होतं. मागे विहाराच्या पाटीवर कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली यावरून दोन सख्ख्या साडूंचं बोलणं बंद झालेलं त्यानं पाहिलं होतं. त्यामुळे त्यानं डोकं चालवलं. डोकं चालवलं की धम्मपालची हमखास वाट लागते, पण हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

"पाटीवर नावं पैशांच्या क्रमानं नकोत आणि वयाच्याही नकोत. गणिताच्या सरांची पाटी आहे, तेव्हा गुणांच्या क्रमानं! सरांच्या पेपरात ज्याला जास्त गुण, तो वर! देणगीसोबत मार्कशीटचा फोटो जोडायचा. आहे की नाही झकास?"

"आणि तुमचं नाव, सर?"

"मी आयोजक. आयोजकाला मार्कशीट नसते."

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकशे सत्तर जण होते. फॉर्म पडला आणि मिनिटाभरात नमस्काराचे हात जोडले जाऊ लागले. संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट जणांनी हात जोडले. खिशात मात्र एकानंही हात घातला नाही! अपवाद एकच, पवईच्या मोठ्या कंपनीतला देवेश. त्यानं पाचशे एक रुपये पाठवले, अठ्ठ्याण्णव गुणांची मार्कशीट जोडली आणि विचारलं, "सर्वांत वर माझंच नाव ना?"

चार दिवस झाले, सहा झाले. धम्मपालनं फोन लावायला सुरुवात केली.

"द्यायचेत हो सर, पण मार्कशीट सव्वीस जुलैच्या पुरात गेली ना!" नंदू म्हणाला.

"नंदू, पूर आला दोन हजार पाचला. तू पास झालास दोन हजार सातला."

"हो का? मग तो नंतरचा पाऊस असेल," म्हणून नंदूनं फोन ठेवला. बोरिवलीच्या बँकेत अधिकारी असलेल्या शकुची मार्कशीट वाळवीनं खाल्ली होती. वाळवीनं बाकी सगळे कागद सोडून नेमकी तेवढीच खाल्ली होती.

मग धम्मपाल थेट साकीनाक्याला गेला. तिथं त्याच्या वर्गातल्या नितेश परबचं वर्कशॉप होतं. नितेशचं बरं चाललं होतं, दिलदार म्हणून नाव होतं. शटरच्या आत वेल्डिंगचा मुखवटा लावलेला एक जण ठिणग्या उडवत होता.

"नितेशशेठ आहेत?"

"शेठ नाय आसत. गावाक गेलेत," मुखवटा म्हणाला.

"कधी येणार?"

"तां काय सांगूक येवचा नाय."

"त्यांना एवढंच सांगा," धम्मपालचा आवाज चिरकला, "की ज्या माणसानं आपल्याला उभं केलं, त्याला विसरणारा माणूस कितीही मोठा झाला तरी लहानच!" ठिणग्या थांबल्या.

घरी येऊन धम्मपालनं संतापाच्या भरात ग्रुपवर लिहिलं, "तुम्हाला सरांची किंमत पाचशे एक रुपये वाटते, हे कळलं. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मी काकूंच्या घरी जाऊन तुमच्या सर्वांच्या वतीनं त्यांची माफी मागणार आहे!" अकरा जण ग्रुप सोडून गेले. उरलेल्यांनी पुन्हा हात जोडले.

रविवार उजाडला. धम्मपालनं ऋतिकालाही फॉर्म घेऊन मुलुंडला बोलावलं होतं, कारण काकूंसमोर एकट्यानं उभं राहायची त्याची हिंमत नव्हती. तो नऊला पोचला. काकूंनी दार उघडलं, पण त्यांचा चेहरा काही वेगळाच होता. घामाघूम झालेल्या. आणि घरात पोह्यांचा वास तर असा, जणू आत पंगत बसली आहे.

"काकू, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे, बरी आहे. बस तू. इथंच बस. पाणी मी आणते, आत येऊ नकोस."

धम्मपाल बसला. काकूंनी पाण्याबरोबर पोह्यांची बशीही टीपॉयवर आणून ठेवली. समोर सरांचा हार घातलेला फोटो. "काकू, मी हरलो. तुम्हाला शब्द दिला होता, पण लोकांना सरांची आठवणच नाही हो! एकाला नाही!"

"असं नको म्हणू रे," काकू स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली. ऋतिकाच होती ती. पण सवय नावाची गोष्ट फार वाईट! त्या घरातली बेल कानावर पडली आणि विभागप्रमुख सोनकांबळे खुर्चीतून उठले, टीपॉयवरची बशी उचलली आणि सरळ स्वयंपाकघराकडे चालू लागले.

"अरे थांब! तिकडे नको!" काकू ओरडल्या.

उशीर झाला होता. धम्मपालनं मागचं दार उघडलं.

साडेतीन फुटांच्या गॅलरीत सात माणसं उभी होती. प्रत्येकाच्या एका हातात पोह्यांची बशी आणि दुसऱ्या हातात पाकीट! पुरात मार्कशीट गेलेला नंदू होता, वाळवीवाली शकु होती, आणि सगळ्यांत पुढे, तोंडात घास धरून, नितेश परब.

"नितेश? तू गावाला गेला होतास ना!"

"खंयचो गाव मेल्या! तो मुखवटो मियाच होतंय!" नितेशनं घास गिळला. "तुझा ता बोलणा आयकान रात्रभर झोप नाय लागली माका."

"मग पैसे का नाही पाठवलेस?"

"मार्कशीट खंयसून आणू? केटी होती माका! सरांनी घरी बोलवून शिकवल्यानी, म्हणान पास झालंय. माका एकट्याक!"

"तुला एकट्याला?" शकु ओरडली. "मला एकटीला शिकवलं होतं! साडेआठ वाजता!"

"मी दहाला यायचो," नंदू म्हणाला. "मला वाटायचं, सर फक्त माझ्यासाठी..."

एवढ्यात गॅलरीच्या टोकाला, कुंडीमागे, कुणीतरी खोकलं. वाकून पाहतो तर काय, रसायनशास्त्राचे अनिरुद्ध खानोलकर!

"तुम्हीसुद्धा, खानोलकर?"

"एकोणीसशे एक्क्याण्णव. सात वाजताचा," खानोलकर अगदी बारीक आवाजात म्हणाले. "स्टाफरूममध्ये बोलू नका, प्लीज."

धम्मपाल नऊला येणार म्हणून हे सगळे त्याआधी काकूंच्या हातात गुपचूप पाकीट ठेवून पळायला आले होते. एक आला, मग बेल वाजली, काकूंनी जुन्या सवयीनं त्याला मागून जायला सांगितलं. मग दुसरा आला, मग तिसरा. फक्त सोसायटीनं गेल्या वर्षी त्या गोल जिन्याला खालून कुलूप लावलंय, हे काकू विसरल्या होत्या!

काकू कपाळाला हात लावून दारात बसल्या, आणि मग हसू लागल्या. "चौतीस वर्षं हेच केलं रे मी! एक पुढून आत, एक मागून बाहेर! 'एका पोराला दुसऱ्यासमोर लाज वाटता कामा नये,' म्हणायचे. पाहुणे कसले आणि काय! रविवारचा एक सिनेमा कधी धड बघायला मिळाला नाही मला."

धम्मपालच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आपण एकटे नव्हतो, याचं त्याला क्षणभर वाईट वाटलं, मग फार बरं वाटलं. केवढा मोठा माणूस! एवढ्या जणांना हात दिला आणि प्रत्येकाला वाटू दिलं की हा हात आपल्यासाठीच आहे.

बेल वाजवून कंटाळलेली ऋतिका एव्हाना स्वतःच आत आली होती. तिनं हळूच विचारलं, "सर, मग या फॉर्मचं काय करू?"

काकूंनी चष्मा लावून फॉर्म वाचला. अट क्रमांक एकवर त्यांचं बोट थांबलं. "ही कुणी घातली?"

धम्मपालनं बशीतले शेंगदाणे मोजायला घेतले.

"या अटीनं आमच्या दारात एकही पोर आलं नसतं रे! हिच्या बरोबर उलटी अट घाला. ज्याला पहिल्यांदा केटी लागली आणि जो कॉलेज सोडायला निघालाय, त्याला द्या माझ्या नवऱ्याचे पैसे."

त्याच गॅलरीत उभं राहून धम्मपालनं ग्रुपवर लिहिलं, "मार्कशीट नको. मागच्या दारानं गेला असाल तर फक्त वेळ सांगा. मी सातचा." मग उत्तरं सुरू झाली. "मी साडेआठची, ब्याऐंशी सालची." "दहाचा. काकूंना नमस्कार." "सातचा. मी आज मुलांना घरी शिकवतो, तेसुद्धा फी न घेता." सोडून गेलेले अकराही बातमी लागताच परत आले. गुरुवारपर्यंत पाच लाख पार झाले आणि लोक थांबेचनात. पितळी पाटीवर नावं वेळेप्रमाणे आली, सातवाले, साडेआठवाले आणि दहावाले. देवेशचा बिचाऱ्याचा रडवेला फोन आला, "सर, मला कुठे टाकणार? मी तर कधी नापासच झालो नाही!" त्याला काकूंनी पुढच्या रविवारी पोह्यांना बोलावलं. तेव्हा कुठे त्यानं पाचशे एकावर दोन शून्यं वाढवली.

स्मृतिदिनाला कॉलेजचा हॉल भरला. पुढच्या रांगेत काकू, त्यांच्यामागे मागच्या दाराची सगळी मंडळी, आणि त्यांच्यामागे धम्मपालचे विद्यार्थी. गेल्याच आठवड्यात केटीमुळे दाखला मागायला आलेली एक मुलगी पहिल्या शिष्यवृत्तीसाठी स्टेजवर आली होती. मान खाली, ओढणीचं टोक मुठीत. तिच्याकडे बघून धम्मपालला राहवलं नाही. त्यानं माइक हातात घेतला.

"मुलांनो, आजवर मी तुमच्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "मलाही याच कॉलेजात गणितात केटी लागली होती. सर नसते तर आज मी टेम्पो चालवत असतो. लाज कसली? मी सगळ्यांसमोर सांगतो. पस्तीसला पास होते, आणि मला पडले होते बत्तीस!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलीनं मान वर केली. धम्मपालचा ऊर भरून आला. आयुष्यात एवढं खरं तो कधी बोलला नव्हता.

पहिल्या रांगेतून काकूंचा आवाज आला, आणि माइकची गरजच पडली नाही.

"बत्तीस कुठले रे? सतरा होते! पेपर माझ्यासमोर तपासलाय त्यांनी!"